इंग्लंडातला घुमट

31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला. ती वसई आमच्या उमेळ्याच्या शेजारचीच. त्यानंतर तीनेक वर्षांत, 1805च्या सुमारास, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये सीझिनकोट नावाच्या वाड्याचं काम सुरू झालं. मालक चार्ल्स कॉकरेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीतून गबर होऊन परतलेला. वास्तुविशारद त्याचा भाऊ सॅम्युअल. आणि वाडा कसा? वर तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, कमानदार खिडक्या आणि भिंतीभोवती रुंद छज्जा.

या छज्ज्यापाशी मी फोटो बघता बघता थांबलो. आमच्याकडे घर बांधताना मिस्त्री आजही विचारतो, "छज्जा किती बाहेर काढू?" वसईच्या पावसात छज्जा नसेल तर खिडकी चार महिने उघडता येत नाही. उन्हाळ्यात त्याचीच सावली भिंतीवर पडते. इंग्लंडात मुळात ऊन मिळायची मारामार, तिथे ही सावली कशाला? म्हणजे शैली गेली, तिचं काम इथेच राहिलं. आत शिरलं की मुघल काहीच नाही, दालनं सगळी ग्रीक-रोमन वळणाची. अंगावर शेरवानी, आत सूट!

नकाशासाठी सल्ला थॉमस डॅनिएल या चित्रकाराचा. पुतण्या विल्यमसोबत तो हिंदुस्थानभर फिरला होता. खाडीपलीकडच्या साष्टीतली लेणीही त्यांनी चितारली. त्याने बागेत सूर्याचं मंदिर योजलं, पुलावर नंदी बसवले. नंदीच्या पुलावरून मुघली घुमट बघायचा, यात कॉकरेलला काही विसंगत वाटलं नाही. त्याच्या लेखी हे सगळं एकच, हिंदुस्थानी. त्याला आपल्यातले भेद कळत नव्हते असंही म्हणता येईल. पण आपल्याकडे हल्ली घुमट दिसला की 'बाहेरचा' म्हणणारे भेटतात, तेव्हा मला हा अडाणीपणा बरा वाटतो. तिकडे तो वाडा संरक्षित वास्तूंच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आहे. परवानगीशिवाय छज्ज्याचा दगड हलवता येत नाही. इंग्लंडचा वारसा म्हणून!

युवराज जॉर्जने हा वाडा पाहिला आणि पुढे 1815पासून जॉन नॅशकडून ब्रायटनचा आपला महाल घुमट-मिनारांनी मढवून घेतला. पहिल्या महायुद्धात, 1914च्या अखेरीस, त्याच महालात जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ उघडलं. हिंदू आणि मुसलमान शिपायांसाठी स्वयंपाकघरं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. त्या ऐटबाज छताखाली आपल्या गावांतली पोरं खाटांवर पडलेली होती. जे मुसलमान शिपाई दगावले त्यांना वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळच्या कबरस्तानात दफन केलं. त्या कबरस्तानाच्या दारावरही एक छोटासा घुमट आहे.