टिचकी

कुंभारवाड्यात मडके घ्यावयास गेलेली गृहिणी पैसे मोजण्यापूर्वी त्यावर बोटाने एक टिचकी मारते. मडके खणखणीत वाजले तर ते घरी येते. बद्द वाजले तर मुकाट्याने खाली ठेवले जाते. आमच्या आईची ही सवय आम्ही लहानपणी अनेकदा पाहिली, आणि घासाघीस सुरू करण्यापूर्वी करावयाचा तो एक संस्कार असावा, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती. पुढे पदवी मिळाल्यावर, म्हणजे ज्ञान अंगी भिनल्याची आम्हांस खात्री पटल्यावर, आम्ही एकदा स्वतः माठ आणला. रंग पाहिला, घाट पाहिला, बूड पाहिले. टिचकी मारणे मात्र पदवीधरास न शोभणारे वाटून टाळले. रात्री माठ भरला. सकाळी स्वयंपाकघरात तळे साचले होते. आई काही बोलली नाही. तिने रिकाम्या माठावर टिचकी मारून तो आवाज आम्हांस तेवढा ऐकविला.

या टिचकीत गूढ असे काही नाही. अखंड वस्तू एकजीवाने थरथरते. भेग असली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, थरथरीतील जोर तेथेच खर्ची पडतो, आणि सूर खाली येऊन लवकर विझतो. आमच्या बालपणी मिरज जंक्शनवर गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक मनुष्य चाकाचाकावर ठोका देत गाडीच्या कडेने चालत जाई. तो कधी वाकून पाहत नसे. मान किंचित तिरपी करून ऐकत असे. शेकडो माणसांचा जीव त्या तिरप्या मानेवर अवलंबून आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले.

मिरजेचे नाव निघाले म्हणजे तंबोरा आठवल्यावाचून राहत नाही. तेथील सतारमेकरांच्या दुकानांत पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगलेले असतात. एका वृद्ध कारागिराला भोपळा निवडताना आम्ही पाहिले आहे. तो भोपळा हातात तोलून त्यावर बोटाच्या पेराने हलकेच ठोके देत होता, येथे एक, तेथे एक, आणि दोन ठोक्यांमध्ये बराच वेळ गप्प बसत होता. आम्ही विचारले, "काय ऐकता?" तो म्हणाला, "कुठं पातळ आहे, कुठं जाड आहे, ते तोच सांगतो." मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या मानांकनाच्या मुळाशी ही पेराची भाषा आहे.

या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारींना पाणी व झिलई देणारा. इंग्रजी अंमल आला, तलवारी म्यानात गेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने सतारी व तंबोरे बनविण्यास आरंभ केला. वरवर पाहता हे धंदे दोन टोकांचे. पण दोहोंत एकच विद्या आहे असे आम्हांस वाटते. उत्तम पोलादाचे पाते घासून आरशासारखे केले आणि त्यावर हिराकशीचे पाणी फिरविले, म्हणजे लाटांसारखी नक्षी वर येते. ही नक्षी कोणी काढलेली नसते. ती पोलादाच्या पोटात असते. पाते न मोडता त्याचे पोट वाचावयाचे, ही शिकलगाराची विद्या. आणि भोपळा न फोडता त्याचे पोट ऐकावयाचे, ही त्याच्या वंशजाची.

पाश्चात्यांनी यातील पहिली विद्या शास्त्राच्या पदवीस चढविली. इंग्लंडातील शेफील्डच्या हेन्री सॉर्बी नावाच्या गृहस्थाने १८६३ च्या सुमारास पोलादाचा तुकडा घासून गुळगुळीत केला, त्यावर सौम्य आम्ल फिरविले व तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एकसंध वाटणाऱ्या पोलादात त्याला कणांची वस्ती दिसली. त्यातील एक भाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमके, म्हणून त्यास आजही मोत्याचेच नाव आहे, पर्लाइट. दुसऱ्या विद्येचीही वाढ अशीच झाली. तिची हकीकत पुढे येईल.

वस्तू पारखण्याची दुसरी, अधिक सोपी रीत म्हणजे ती फोडून पाहणे. किर्लोस्करवाडीस १९१० साली नांगरांचा कारखाना उभा राहिला, साताऱ्याकडेही कूपर यांच्या कारखान्यात नांगर होऊ लागले. तेव्हापासून बिडाचे ओतकाम या भागास अपरिचित नाही. ओतारी रस साच्यात भरण्यापूर्वी त्याची एक लहानशी पाचर ओती, ती मोडी आणि मोडीचा रंग पाही. करडा असेल तर बीड मऊ, पांढरा असेल तर कडक व ठिसूळ. पाचर मोडली तरी नांगर शाबूत राहतो, म्हणून ही रीत चालते. परंतु काही वस्तूंची पाचर ओतता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कोयनेचा भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या अंगास, जेथे उतार बदलतो तेथे, भेगा पडल्या. धरण उभे राहिले. भेगा भरल्या, उंच भाग पोलादी तारांनी आवळले, पुढे पाठीशी काँक्रीटचे टेकूही दिले. पण त्या पहाटेनंतर कोणास असे म्हणता आले नसते की, धरण फोडून आत काय आहे ते पाहू. माणूसही याच जातीचा आहे. आम्ही मात्र तीस वर्षे परीक्षा घेत आलो, आणि आमची परीक्षा बहुतेक वेळा पाचर मोडण्याचीच होती. फरक इतकाच की, आमच्याजवळ पाचर निराळी आणि नांगर निराळा असा नव्हता.

हे विचार आम्हांस सुचले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मागील पावसाळ्यात सांगलीस बाजारात एका मध्यमवयीन गृहस्थाने आम्हांस वाकून नमस्कार केला. नाव सांगितल्यावर ओळख पटली, आणि पटली म्हणूनच आम्ही थोडे वरमलो. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो आमच्या अकरावीच्या वर्गात होता. इंग्रजीच्या तासास आम्ही त्यास एक प्रश्न विचारला. तो उभा राहिला आणि उभाच राहिला. प्रश्न पुन्हा विचारला, अर्थात इंग्रजीतच. तरी तो गप्प. तेव्हा आम्ही त्यास हाताने बसावयाची खूण केली आणि वर्गास ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "आत काही नाही." वर्ग हसला. पुढल्या वर्षी तो दिसला नाही. तो आता एका ओतशाळेत माल तपासणीच्या खात्यावर मुख्य होता. "सर, एकदा आमचं काम बघायला या," तो म्हणाला. आम्हांस नाही म्हणवेना.

ओतशाळा शहराबाहेर होती. त्याने प्रथम आम्हांस सूक्ष्मदर्शकापाशी नेले. बिडात शंभर भागांस तीन-साडेतीन भाग कर्ब असतो. घासलेल्या तुकड्यात तो कर्ब काळ्या, वेड्यावाकड्या पापुद्र्यांसारखा दिसत होता. "हे पापुद्रे म्हणजे आतल्या भेगाच समजा, सर. म्हणून साधं बीड आपटलं की फुटतं." मग त्याने दुसरा तुकडा ठेवला. कर्ब जवळजवळ तितकाच. पण येथे त्याचे वाटोळे गोळे झाले होते. रसात मॅग्नेशियम मिसळले की असे होते, आणि हजार किलोंत ते अर्धा किलो उरले तरी पुरे. ही युक्ती १९४८ साली जगापुढे आली. गोळ्यांचे बीड फुटण्याऐवजी वाकते. परंतु मॅग्नेशियम रसात टिकत नाही. ओतण्यास दहा-पंधरा मिनिटांचा उशीर झाला तर गोळ्यांचे पुन्हा पापुद्रे होऊ लागतात, आणि वरून दोन्ही वस्तू सारख्याच दिसतात. "मग प्रत्येक वस्तू कापून पाहता काय?" आम्ही विचारले. तो हसला. "कापली तर विकायची काय? ऐकतो."

आणि खरोखरच तो ऐकत होता, फक्त कानाने नव्हे. आपला कान सेकंदास फार तर वीस हजार कंपने ऐकतो. त्याच्या हातातील काडेपेटीएवढ्या वस्तूतून सेकंदास वीस लाखांहून अधिक कंपनांचा आवाज निघत होता. तो धातूत शिरतो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि पडद्यावर त्याची उभी रेघ उमटते. शंभर मिलिमीटर जाडीच्या पोलादातून जाऊन येण्यास त्यास सेकंदाचा सुमारे तीस हजारावा भाग लागतो. वाटेत पोकळी असली तर त्याआधीच एक रेघ उठते. शिवाय गोळ्यांच्या बिडातून हा आवाज सेकंदास साडेपाच हजार मीटरांच्या आसपास धावतो. पापुद्र्यांच्या बिडात तो पुष्कळ रेंगाळतो. म्हणजे जाडी ठाऊक असली की, नुसत्या वेळावरून आतील कर्बाची आकृती ताडता येते. मिरजेचा तो वृद्ध कारागीर आम्हांस तेथे आठवला.

इतक्यात एक शिकाऊ मुलगा दुसऱ्या टेबलावरून म्हणाला, "सर, याच्यात काही नाही. आत काही नाही."

हे शब्द कानी पडताच आम्ही चमकलो. तो 'सर' आम्हांस नव्हता. आमचा विद्यार्थी त्या मुलाजवळ गेला, पडदा पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "मागच्या भिंतीची रेघ कुठे आहे?" मुलगा गोंधळला. पडद्यावर आरंभीच्या रेघेपुढे सारे सपाट होते. "पोकळी नसेल, तर निदान भिंतीचं उत्तर यायला पाहिजे. तेही नाही, म्हणजे आत काही नाही असं नव्हे. तुझा आवाज आत गेलाच नाही. तेल लाव." मुलाने वस्तूवर तेलाचे बोट फिरविले आणि यंत्र पुन्हा टेकविले. भिंतीची रेघ उभी राहिली. आमच्याकडे वळून तो म्हणाला, "यंत्र आणि लोखंड यांच्यामध्ये केसापेक्षा पातळ हवा असली, तरी आवाज तिथूनच परत फिरतो. नवी मुलं हीच चूक करतात. यंत्र चांगलं, माल चांगला, मध्ये तेल नाही."

त्यास बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवत होती की नाही, हे आम्हांस कळले नाही. त्याच्या चेहऱ्यावर तसे काही दिसले नाही, आणि चेहऱ्यावरून पारख करण्याचा आमचा अधिकार माठ फुटका निघाला तेव्हाच गेला होता. आम्ही त्याचा एक तपासणीचा कागद हाती घेतला. त्यावर 'दोष नाही' असे कोठेच नव्हते. या रीतीने तपासता, या आकाराहून मोठा दोष आढळला नाही, अशा अर्थाचे वाक्य होते. आमच्या गुणपत्रिकेत असे वाक्य लिहिण्यास जागा नसते. निघताना आम्ही म्हणालो, "त्या वेळी वर्गात आम्ही तुला जे बोललो, ते बोलावयास नको होते." तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "चहा घेऊन जा, सर." आम्ही चहा घेतला. तेवढ्यावर आमचे समाधान झाले असे म्हणणे खोटे होईल. ज्याची वर्षे होती, त्यानेच हिशेब मागितला नाही, इतकेच.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात तोंडी परीक्षा होती. आटपाडीकडील एक मुलगी समोर येऊन बसली. नेमलेल्या कथेवर आम्ही इंग्रजीत प्रश्न केला, ती गप्प. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही दुसरा प्रश्न टाकून, शून्याच्या आसपासचा एक आकडा मांडून पुढील नाव पुकारले असते. त्याऐवजी आम्ही मराठीत विचारले, "त्या गोष्टीतली म्हातारी तुला कशी वाटली?" ती थोडा वेळ हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आमच्या आजीसारखी. ती पण रडत नाही, कामाला लागते." आणि चार-पाच मिनिटे ती त्या म्हातारीविषयी असे काही बोलली की, तिचे मौन आमच्या लक्षात राहिले नाही. मग आम्ही म्हटले, "आता यातले जमेल तेवढे इंग्रजीत सांग." काळ चुकले, क्रियापदे अडखळली, पण ती बोलली.

आम्ही तिला वीसपैकी अकरा गुण दिले. अधिक देता आले नाहीत. तेलाने मालाची प्रत सुधारत नाही, तो काय आहे एवढेच कळते. पण ते अकरा गुण तिचे होते. पूर्वी आम्ही दिलेल्या शून्यांपैकी किती त्या मुलांची होती आणि किती मधल्या हवेची, हे आता तपासण्यास मार्ग नाही.

घरी माठ आणावयाचा असला म्हणजे हल्ली आम्ही टिचकी मारतो. कुंभार हसत नाही. मात्र आवाज ओळखण्यापूर्वी आम्हांस अजून दोनदा मारावी लागते. आईस एकच पुरत असे.