सिस्टरांनी मोजायला शिकवलं

सरकारी रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात रुजू झाले तेव्हा मला वाटायचं, डॉक्टरांनी लिहिलेलं वेळेवर दिलं की नर्सचं काम झालं. पेशंटकडे बघत राहणं हेही काम असतं, हे आमच्या इनचार्ज सिस्टरांनी शिकवलं, आणि ते बरंचसं स्वादुपिंडाला सूज आलेल्या पेशंटांच्या उशाशी.

या दुखण्याची मुख्य कारणं दोन, पित्ताचे खडे आणि दारू. दारूमुळे आलेला एक तरुण पोटाशी उशी धरून पुढे वाकून बसला होता. कळ पोटातून थेट पाठीत जात होती. मी त्याला आडवं करायला गेले.

"बसू दे गं तसाच. वाकलं की त्याला जरा बरं वाटतंय," सिस्टर म्हणाल्या.

"प्यायलाय ना, भोगू दे," असं कुणी पुटपुटलं तर त्या उत्तर देत नसत. दुखणं थांबवायच्या इंजेक्शनची वेळ मात्र त्यांनी कधी टळू दिली नाही. माझ्या मनातली अढी त्या इंजेक्शनांनी गेली.

मग मोजणं. लघवीची पिशवी दर तासाला बघायची; 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी. श्वास घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजायचे. ही सूज पोटापुरती राहत नाही. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं, फुफ्फुसांवर ताण येतो. एका रात्री बीपीचा पट्टा फुगवलेला असताना पेशंटचं मनगट वाकलं, बोटं ताठ होऊन एकत्र आली. मला वाटलं, पट्टा जास्त आवळला गेला. सिस्टरांनी तो हात पाहिला आणि तडक डॉक्टरांना बोलावलं. रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं.

स्वादुपिंडाला विश्रांती हवी म्हणून पेशंटला दिवसचे दिवस उपाशी ठेवण्यात सिस्टरांची जवळजवळ सगळी नोकरी गेली. पुढे मत बदललं: सोसेल त्याला शक्यतो पहिल्या 24 तासांतच तोंडाने खायला द्यावं, म्हणजे आतड्यांचं अस्तर शाबूत राहतं. निवृत्तीला आलेल्या सिस्टरांनी ते डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं आणि मऊ भाताची पहिली वाटी स्वतः भरवली. इतक्या वर्षांची सवय अशी सोडता येते, हे मी त्यांच्याकडेच पाहिलं.

2022 मध्ये, या दुखण्यात सलाईन किती द्यावं हे तपासणाऱ्या वॉटरफॉल चाचणीचे निष्कर्ष आले. सुरुवातीलाच भरमसाठ सलाईन दिलेल्यांच्या अंगात पाणी साठण्याचं प्रमाण जास्त निघालं. तोवर मी इनचार्ज झाले होते. सलाईन चालू असताना मिनिटभर श्वास मोजायला सिस्टर का लावत, ते मला तेव्हा पुरतं उमगलं.

तुमचं माणूस या दुखण्याने दाखल असेल आणि सिस्टर पाण्याचा घोटन् घोट विचारत असेल, तर वैतागू नका, खरं सांगा. लपवून चहा पाजू नका. पुढचं सलाईन किती द्यायचं, हे त्याच आकड्यांवरून ठरतं.