गाडीतली निळी गोळी

गाडीची समोरची काच धुवायला पाण्यात विरघळणारी निळी गोळी मिळते. मी ती गाडीत कधीच ठेवत नाही. पहिलीला शिकवते ना, रंगीत गोळी दिसली की मुलांचा हात थेट तोंडाकडे जातो! गोळ्या मूळ पाकिटातच, उंच फळीवर ठेवा. पाकिटावर सांगितलेल्या पाण्यात (बहुधा एका गोळीला ४ लिटर) आधी पूर्ण विरघळवा. मग झाकणावर काच-फवाऱ्याचं चित्र असलेल्या टाकीतच ओता, कूलंटच्या टाकीत नको. हात धुवा. उरलेलं निळं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. मुलाने गोळी गिळलीच, तर उलटी करायला लावू नका. पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. आणि मुलांना एवढं शिकवाच: विचारल्याशिवाय काही तोंडात टाकायचं नाही.