मिरजेचे तंबोरे

मिरज हें नांव घेतलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दोन गोष्टी उभ्या राहतात : एक तेथील मोठमोठीं रुग्णालयें आणि दुसरी तेथील आगगाडीचें जंक्शन. पुणें, बेळगांव, कोल्हापूर आणि पंढरपूर अशा चारी दिशांच्या गाड्या येथें मिळतात. त्यामुळें अंबाबाईच्या वा विठोबाच्या दर्शनास निघालेल्या कित्येक कुटुंबांनीं या स्थानकावर गांठोडीं उतरविलीं असतील. परंतु गांवांत पाऊल टाकणारे थोडेच. वास्तविक ज्या घरीं गाण्याची थोडीबहुत आवड आहे, त्या घरच्या मंडळींनीं मिरज हेंहि एक क्षेत्रच समजावें, असें आम्हांस वाटतें. कारण आपण मैफलींत ज्या तंबोऱ्यांचा झंकार ऐकून तृप्त होतों, त्यांतील पुष्कळांचा जन्म या गांवच्या सतारमेकर गल्लींत झालेला असतो.

ही गल्ली जुन्या गांवांत आहे. दुकान आणि कारखाना असा भेद येथें नाहीं. पुढच्या खोलींत तयार वाद्यें, मागच्या खोलींत अर्धवट झालेलीं. आढ्याला वाळके भोपळे टांगलेले, भिंतीशीं दांड्या उभ्या केलेल्या, हवेंत ओल्या लाखेचा आणि ताज्या भुशाचा वास. मधूनच कोणी एखादी तार छेडतो, ती ऐकतो, आणि पुन्हा खाली मान घालून कामास लागतो.

या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारींस आणि भाल्यांस धार व झिलई देणें हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचा काळ मावळूं लागला, तेव्हां फरीदसाहेब नांवाच्या एका कुशल शिकलगारानें गवयांचीं मोडकीं वाद्यें दुरुस्त करतां करतां नवीं घडविण्यास आरंभ केला, अशी परंपरागत हकीकत आहे. पोलादावर चालणारे हात लांकडावर चालूं लागले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्यांस लाभला आणि घराण्याच्या शाखा वाढत जाऊन त्यांची एक गल्लीच झाली.

परंतु केवळ राजाश्रयानें कला वाढत नाहीं. तिला जाणता गिऱ्हाईक लागतो. तो मिरजेस दारांतच मिळाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथें राहून शिष्यांस तालीम देत. पुढें १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे विष्णु दिगंबर पलुसकर याच गांवीं त्यांच्यापाशीं शिकले. त्यानंतर किराणा घराण्याचे अध्वर्यु खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं मिरजेस वास्तव्य केलें. तंबोरा बिनचूक जुळल्यावांचून त्यांचें गाणें सुरू होत नसे. १९३७ सालीं पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल या स्थानकावर त्यांचें देहावसान झालें. त्यांची समाधि मात्र मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे, आणि तेथील उरुसांत गवई त्यांच्या स्मरणार्थ हजेरी लावतात. असा कान शेजारीं नांदत असला म्हणजे करणाऱ्याचा हात आपोआप सुधारतो.

आतां तंबोरा होतो कसा तें पाहूं. आमच्या शाळामास्तरी भाषेंत भोपळा म्हणजे शून्य. या गल्लींत मात्र सारी किंमत भोपळ्यापासूनच सुरू होते. हा भोपळा कडू जातीचा, खाण्याच्या उपयोगाचा नव्हे. सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून तो येतो. मर्दानी तंबोऱ्यास चार फुटांहून अधिक घेराचा भोपळा लागतो, जनानीस त्याहून लहान. वाळलेला भोपळा पाण्यांत भिजवून कापतात, आंतील गर व बिया खरडून काढतात आणि कापलेलें तोंड आकसूं नये म्हणून आंत काटक्यांचे आधार देऊन तो पुन्हा वाळवितात. दांडीस व तबलीस तुणीचें लांकूड वापरतात. तें कर्नाटकाच्या जंगलांतून येतें. दांडी आंतून पोकळ कोरावी लागते. मग जोडकाम, नक्षी, लाखेचें रोगण, खुंट्या, तारा आणि सूर बारीक सारण्यासाठीं तारांत ओवलेले मणी. पूर्वीं शोभेकरितां हस्तिदंत लावीत. आतां कायद्यानें तो वर्ज्य असल्यामुळें त्या जागीं प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या आहेत.

इतकें सारें झालें तरी तंबोरा अद्याप मुकाच असतो. त्यास वाणी देते ती जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिची पाठ सपाट नसते. तिला डोळ्यांस न दिसेल इतका उतार असतो. तार कंप पावतांना या पाठीस हलकेच घासते आणि एका सुरांतून अनेक सूर उमलतात. घोडी आणि तार यांच्यामध्यें सुताचा एक बारीक धागा सरकवितात. त्यास 'जीव' म्हणतात, आणि हें नांव किती यथार्थ आहे तें धागा केसभर हलवून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहून दाखविलें कीं, तार जेथें छेडली त्या स्थानामुळें जे उपस्वर एरवीं उमटूं नयेत, तेहि या घोडीमुळें उमटतात. खर्जाच्या तारेंतून, कोणी न लावतां, गांधार ऐकूं येतो तो याच घोडीच्या प्रसादानें. शास्त्रज्ञानें जें गणितानें मांडलें, तें या कारागिरांनीं कानसेनें घासून साधलें होतें.

आम्ही एका दुकानांत बसलों असतां धारवाडकडची एक तरुण गायिका वडिलांसह आपला तंबोरा घेऊन आली. कारागीर सत्तरीच्या पुढचे. त्यांनीं तंबोऱ्याकडे न पाहतां आधीं तिच्याकडे पाहिलें आणि म्हटलें, "बेटी, तुझा सा ऐकव." तिनें काळी चारचा षड्ज लावला. मग त्यांनीं तारा उतरविल्या, घोडीवर कानस दोन-चार वेळां फिरविली, तारा चढविल्या, जीव सारला, ऐकलें; पुन्हा उतरविल्या. असें तास दीड तास चाललें. प्रत्येक वेळीं ती कांहींतरी सांगे : "चाचा, पंचम थोडा खरखरतो," "जोड अजून मोकळी वाटत नाहीं." शेवटीं एकदां तिनें बोटें फिरविलीं आणि ती कांहीं बोललीच नाहीं, डोळे मिटून तारा छेडीतच राहिली. वृद्धानें कानस खाली ठेवली.

"आतां थांबावें हें आपणांस कसें उमगतें?" आम्हीं विचारलें.

ते हंसले. "मास्तर, मी कुठं थांबतो? गाणाराच मला थांबवतो. त्यानं बोलणं सोडलं कीं माझं काम झालं."

मजुरीचे पैसे त्यांनीं न मोजतांच खिशांत टाकले. पुढें बोलतां बोलतां म्हणाले कीं, दिवाणखान्याची शोभा म्हणून तंबोरा नेणारेहि पैसे चोख देतात. परंतु त्यांस वाद्य देतांना पोटची पोर परमुलखांत दिल्यासारखें वाटतें, आणि गाणाऱ्यास दिलें म्हणजे चांगल्या घरीं पडली असें समाधान होतें.

आमच्या साहित्यशास्त्रानें काव्याच्या खऱ्या वाचकास 'सहृदय' म्हटलें आहे : ज्याचें हृदय कवीच्या हृदयाशीं सारखें झालें तो. कवीची रचना त्याच्या ठायीं पूर्ण होते. तंबोऱ्याचेंहि तसेंच आहे. तो कारखान्यांत तयार होत नाहीं. ओळखणाऱ्या कानांत तयार होतो, आणि कारागिराचें खरें वेतन तेथेंच मिळतें.

म्हणूनच आजची स्थिति पाहून चिंता वाटते. मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांस २०२४ सालीं सरकारी भौगोलिक मानांकन मिळालें. अन्यत्र केलेलें वाद्य या नांवावर खपवितां येऊं नये, ही त्याची योजना योग्यच आहे. परंतु विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी, आणि आतां तर मोबाइलमधला तंबोरा, घरोघर आला आहे. प्रवासांत तो सोयीचा, हें खरें. तथापि त्याला जुळवावें लागत नाहीं. आणि जुळविण्याची संवयच गेली म्हणजे बरी जवारी व वाईट जवारी यांतील भेद सांगणार कोण? त्या वृद्धाचा एक नातू पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे, दुसरा अद्याप हाताशीं बसतो. "हात दोन वर्षांत बसतो, कान बसायला दहा वर्षं लागतात," असें ते म्हणाले. तीं दहा वर्षें त्या मुलानें कोणाच्या भरंवशावर घालवावींत? मानांकन नांवाचें रक्षण करील. जवारीचें रक्षण ऐकणारेच करूं शकतील.

तें आपल्या हातचें आहे. अनेक घरीं वडिलांच्या वा आजीच्या वेळचा तंबोरा गवसणींत घालून कोपऱ्यांत उभा असतो. तो बाहेर काढावा. संध्याकाळीं दिवेलागणीनंतर घरांतील एका तरी मुलास त्याच्या चार तारा स्वतः जुळवावयास लावाव्या. पहिले कांहीं महिने घरच्यांच्या सोशिकपणाची परीक्षा होईल; पुढें एके दिवशीं मूल आपणहून म्हणेल कीं, पंचम उतरला आहे. जवारी बसली असेल तर ती मिरजेस नेऊन काढून घ्यावी, आणि त्या मुलास सोबत न्यावें. कारागीर त्यालाच सूर विचारतील. कोल्हापूरकडून पंढरपूरास जातांना वाटेंत मिरज लागतेंच. त्या प्रवासांत एक दिवस अधिक धरावा आणि सामानांत तंबोरा असूं द्यावा.