बीजाची शिदोरी

भुईमुगाचं फूल फार थोडा वेळ उघड्यावर राहतं. सकाळी पानांच्या आडून पिवळी पाकळी उमलते आणि त्याच दिवशी मलूल होते. फूल गळालं की इतर बहुतेक झाडं फळ उजेडात धरतात. भुईमूग तसं करत नाही. त्याच्या सुकल्या फुलाच्या बुडातून एक बारीक, टोकदार देठ निघतो आणि खाली मातीकडे वळतो. शेतकरी त्याला आरी म्हणतात. आऱ्या सुटल्या की बुडाशी मातीची भर लावायची. काही गावांत रिकामं पिंप पिकावरून हलक्या हातानं फिरवतात, म्हणजे आऱ्या जमिनीत शिरतात. अंधारात गेल्याशिवाय शेंग पोसतच नाही. कुणाच्या नजरेला न पडता, मातीच्या पोटात, झाड आपल्या लेकरासाठी शिदोरी बांधत असतं.

ती शिदोरी म्हणजे दाणा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६७ उष्मांक असतात. त्यातलं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं आणि चौथा हिस्सा प्रथिनांचा. बदाम-काजूंचे आकडे याच्या आसपासचे, अक्रोड तर साडेसहाशेच्याही वर जातो. हे आकडे हल्ली प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर दिसतात, आणि त्यांना भिऊन कितीतरी घरांत दाण्यांचा डबा वरच्या फळीवर गेला आहे. संक्रांतीची गूळदाणी हातात घेताना माणसं आधी कपाळाला आठ्या घालतात. आयुष्यभर भरल्या वांग्यांत सढळ हातानं कूट घालणाऱ्या माझ्या मावशीनंही परवा मला हळूच विचारलं, “दाणे खाल्लेले चालतात का रे आता?” तिच्या आवाजातला संकोच मला फार लागला. ज्या अन्नावर तिनं घर पोसलं, त्याच्याविषयी तिनं असं चोरट्यासारखं का विचारावं?

दाण्यात इतकं तेल का असतं, हे समजून घेतलं की त्याची भीती वाटत नाही, त्याच्याविषयी आदर वाटतो. कोंब मातीतून वर येऊन पानं उघडेपर्यंत त्याला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. तोवर जे लागेल ते त्याच्याजवळच असावं लागतं, तेही इवल्याशा जागेत. एका ग्रॅम पिठूळ द्रव्यातून चार उष्मांक मिळतात, एका ग्रॅम तेलातून नऊ. म्हणून कित्येक झाडं आपल्या बीजाला तेल देतात. हे तेल मोकळंही नसतं. दाण्यात असंख्य सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशीच्या चिवट भिंतीआड तेलाचे थेंब राखलेले असतात. कोंबाला ते बेताबेतानं पुरायचं असतं.

आपण चावतो तेव्हा यातल्या काही भिंती फुटतात, काही शाबूत राहतात. शाबूत राहिलेल्या पेशींतलं तेल पचनाच्या हाती लागत नाही, ते तसंच बाहेर पडतं. पाकिटावरचा आकडा मात्र हे जाणत नाही. प्रथिनांना चार, तेलाला नऊ, पिठूळ द्रव्याला चार हा हिशेब अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवला, आणि आजही बहुतेक अन्नाचे उष्मांक त्याच हिशेबानं मांडले जातात. १९८० साली दोन अमेरिकी संशोधकांनी माणसांना अख्खे शेंगदाणे, शेंगदाण्याचं लोणी आणि शेंगदाण्याचं तेल असं वेगवेगळं खाऊ घालून पाहिलं. अख्ख्या दाण्यांच्या आहारात सतराअठरा टक्के स्निग्धांश न पचता बाहेर पडला, लोण्याच्या बाबतीत सुमारे सात टक्के, तेलाच्या बाबतीत चार-पाच टक्के. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी बदामांचं मोजमाप केलं. नेहमीच्या हिशेबानं २८ ग्रॅम बदामांत सुमारे १७० उष्मांक धरले जात, शरीराला प्रत्यक्षात मिळाले १२९.

दाणा आपल्याला किती देणार, हे आपण तो कसा खातो यावर ठरतं. अख्खा चावून खाल्ला तर तो हात राखून देतो. वाटून बारीक केला तर जवळजवळ सगळं देऊन टाकतो. मला यात मोठा दिलासा दिसतो, कारण जगात दोन्ही प्रकारची माणसं आहेत: ज्यांना जास्त झालं आहे ती, आणि ज्यांना पुरेसं कधी मिळालंच नाही ती.

१९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियाँ या फ्रेंच बालपोषणतज्ज्ञांनी एका उद्योजकाच्या साथीनं शेंगदाण्याची एक पेस्ट तयार केली. वाटलेले दाणे, दुधाची पूड, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० उष्मांक. त्यात पाणी नसल्यामुळे जंतू सहजी वाढत नाहीत, शिजवावी लागत नाही, आई झोपडीतच मुलाला ती चाटवू शकते. २००५ च्या नायजरमधल्या अन्नटंचाईत या पेस्टनं हजारो खंगलेल्या मुलांना सावरलं. आपण ज्या उष्मांकांना घाबरतो, तेच तिथं जीवदान ठरले. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर मुलाचं वजन वाढेना म्हणून झुरणाऱ्या आईला दाण्यात उष्मांक फार असतात ही तक्रार कोण समजावून सांगणार? तिच्या हातातला दाण्याचा लाडू हे औषधाइतकंच मोलाचं अन्न आहे.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. ज्यांच्या ताटाला काही कमी नाही, त्यांनी दाणे खावेत का? २०१३ साली अमेरिकेतल्या १,१८,००० हून अधिक परिचारिका आणि इतर आरोग्य व्यावसायिकांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रोज दाणे किंवा सुकामेवा खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी होतं, आणि ही माणसं जाडही नव्हती, उलट काहीशी सडपातळ होती. अशा नोंदींवरून सगळं श्रेय दाण्यांनाच देता येत नाही, कारण दाणे खाणारा माणूस इतरही गोष्टी जपत असतो. स्पेनमध्ये मात्र सात हजारांवर लोकांचे गट पाडून एका गटाला भूमध्य सागराकाठच्या पारंपरिक आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले गेले. गट पाडण्यातल्या काही चुका नंतर उघड झाल्या, म्हणून २०१८ मध्ये तो अभ्यास सुधारून पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष टिकला: चरबी कमी करा असा सल्ला मिळालेल्यांपेक्षा या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताचं एकत्रित प्रमाण कमी होतं.

त्या अमेरिकी नोंदींतली एक गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. भुईमूग वनस्पतिशास्त्रानं डाळींच्या कुळातला, तरीही त्याच्या बाबतीतला कौल बदाम-अक्रोडांसारखाच निघाला. दिवाळीत रेशमी कागदात बांधून येणारा मेवा आणि एसटी स्टँडवर कागदाच्या पुडीत मिळणारे भाजके दाणे यांच्यात आपण मानतो तेवढं अंतर नाही.

जपायच्या गोष्टीही आहेत. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे, की १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरत असताना कुटलेले शेंगदाणे आणि लिंबू हा त्यांचा मुख्य आहार होता, आणि तो प्रमाणाबाहेर गेल्यानं त्यांचं पोट बिघडलं. खारवलेले, तळलेले दाणे म्हणजे मीठ आणि तेलाची भर. ओलसर राहिलेल्या शेंगांवर बुरशी येते, आणि तिचं विष यकृताला घातक असतं. म्हणून शेंग खुळखुळ वाजेपर्यंत वाळवायची आणि काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे निवडून टाकायचे, ही आपल्या बायकांची शिस्त मोलाची आहे. ज्यांना दाण्यांची ॲलर्जी आहे, त्यांनी तर हात लावू नये.

मावशीला मी सांगितलं ते असं. मूठभर दाणे रोज खा, भाजून, अख्खे, सावकाश चावून. चहाबरोबरच्या बिस्किटांच्या आणि फरसाणाच्या जागी खा, त्यांच्या जोडीला नको. ज्या भाजीत कूट पडेल, तिच्या फोडणीत तेलाचा हात आखडता घे, कारण कुटातलं तेल अंगी लागतं. आणि खाताना मनात कसलीही अपराधी भावना ठेवू नकोस. दुष्काळी माळावरही येणारं, गरिबाला परवडणारं आणि काळजाला राखणारं अन्न आपल्या डब्यात आहे. एका आकड्याला भिऊन त्यावर झाकण घालून ठेवणं हे आरोग्याचं लक्षण नाही.