बेन शेमेनच्या रानात, पहिल्या पावसानंतर

ह्या वेळी दूरच्या प्रवासाची हकीगत नाही. लोदच्या आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर बेन शेमेनचं रान आहे, तिथलीच गोष्ट सांगते. मोठ्यांनी वाचावी आणि नातवंडांना वाचून दाखवावी.

गेल्या खेश्वान महिन्यात पहिला पाऊस, योरे, बरा पडला. दोनेक आठवड्यांनी शेजारीण टोपली घेऊन दारात उभी. ही बाई युक्रेनहून नव्वदच्या दशकात आली. अळंबी ओळखण्यात तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नाही. म्हणाली, चल, ओर्नियोत आल्या असतील. ओरेन म्हणजे पाइनचं झाड, त्याच्याखाली येते म्हणून ओर्निया. मी बारा वर्षांच्या नातवालाही बरोबर घेतलं. तो काही फार खुशीत नव्हता.

त्याचं कारण गाडीत कळलं. "आजी, शाळेत शिकवलं, हे पाइन लावायलाच नको होते. खाली दुसरं काही उगवत नाही आणि आग लगेच लागते."

मी गप्प बसले. १९६४ साली आम्ही मुंबईहून आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा मुंबईत गिरणीत कामाला, पण इथे पहिली दोन वर्षं रोजावर झाडं लावायचं काम मिळालं. सकाळी ट्रक यायचा. संध्याकाळी बाबा हाताला तेल चोळत बसायचे, कारण दगडात कुदळ मारून मारून फोड यायचे. आईला म्हणायचे, "दगडात पोर रुजत नाही तर झाड काय रुजणार?" ते पोर म्हणजे मी. मला हिब्रू येत नव्हतं आणि मी रोज शाळेतून रडत यायची. तर त्याच झाडांबद्दल नातू असं बोलला. आणि खरं सांगायचं तर तो अगदी चुकीचं बोलला नव्हता. २०१० च्या डिसेंबरात कार्मेलवर आग लागली आणि ४४ माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. एकाच जातीची झाडं दाट लावली की आग झपाट्याने पसरते.

रानात शिरलो. खाली पाइनच्या सुयांची गादी. शेजारणीने काठीने सुया बाजूला केल्या तर खाली तपकिरी टोपी, वर चिकट साय. उलटी करून दाखवली: खाली पिवळी, स्पंजासारखी, बारीक भोकांची. पाती नाहीत.

मुलांनो, इथे आजीचं एक ऐका. ह्याच झाडांखाली विषारी अळंबीही उगवते आणि शिजवून विष जात नाही. पुस्तकात चित्र बघून कधीही तोडू नका. जाणता माणूस बरोबर नसेल तर फक्त बघायचं आणि घरी यायचं. मी इतकी वर्षं जाते, तरी शेजारणीने बघितल्याशिवाय एकही टोपलीत टाकत नाही.

तिने एक मुळासकट उचलली. मातीला पांढरे धागे चिकटलेले होते, सुतासारखे. खरी अळंबी म्हणजे हे धागे. वर दिसते ती त्यांची फळासारखी गोष्ट, बी सोडण्यापुरती. धागे पाइनच्या बारीक मुळांना मोज्यासारखे लपेटतात, मुळाच्या आत पेशींच्या मधोमध शिरतात. मुळापेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे दगडाच्या फटीतलंही पाणी आणि फॉस्फरस ओढून झाडाला देतात. बदल्यात झाड पानांत तयार झालेली साखर त्यांना देतं. बुरशीला हिरवा रंग नाही, उन्हातून अन्न करता येत नाही. ती वनस्पती नव्हेच, नात्याने प्राण्यांच्या जवळची. तिच्या अंगात कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच (खेकडा आपल्याला चालत नाही, अळंबी चालते, ते वेगळं).

पोर्तो रिको बेटावर पाइनची रोपं वर्षानुवर्षं खुरटून मरत होती. शेवटी १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पाइनच्या रानातली माती आणून मुळाशी घातली, तेव्हा ती वाढली. हे मी वाचलं तेव्हा बाबांची आठवण झाली. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळाची माती झटकायची नाही, अशी मुकादमाची ताकीद होती म्हणे. बाबांना वाटायचं, नुसता बावळटपणा.

झाडं एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना जेवू घालतं, असं हल्ली फार सांगतात. २०२३ मध्ये काही शास्त्रज्ञांनीच लिहिलं की इतकं म्हणण्याएवढा पुरावा नाही. पण साखर इकडची तिकडे जाते, एवढं मोजलेलं आहे. आपल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतले तामिर क्लाइन आधी स्वित्झर्लंडला होते. बाझेलजवळच्या रानात उंच स्प्रूस झाडांना खूण केलेला कार्बन दिला, तर तो शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांच्या मुळांत सापडला. हे २०१६ साली छापून आलं.

नातू बराच वेळ उकिडवा बसून सुया उकरत होता. मग ओरडला, "आजी, हे काय?" बोटभर उंचीचं रोप, काटेरी कडांची पानं. अलोन, म्हणजे इथला ओक. मुद्दाम कोणी लावलेला नाही. पाखरं बी आणून टाकतात आणि जुन्या पाइनच्या सावलीत तो उगवतो. ओकच्या मुळांनाही असेच धागे लागतात. ओर्निया त्याच्याजवळ जात नाही, तिला पाइनच लागतो, पण बाकीच्या काही बुरश्या दोघांकडे नांदतात. नातवाने आणखी तीन रोपं शोधली. मग काही बोलला नाही, मीही बोलले नाही.

घरी आल्यावर अळंबी मिठाच्या पाण्यात घातली, किडे असतील तर वर येतात. चिकट साल काढली, कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची आणि वर नारळाचं दूध. जेवायला बसताना नातवाने विचारलं, बेराखा कोणता? मलिद्याच्या ताटावर फळांना "हाएत्स" आणि "हाअदामा" म्हणतात हे त्याला पाठ आहे. मग जमिनीतून आलेल्या अळंबीला "हाअदामा" का नाही, "शेहाकोल" का? बेराखोथच्या तालमूदात हाच प्रश्न आहे आणि आबायेने उत्तर दिलंय: ती जमिनीवर वाढते, पण पोषण जमिनीतून घेत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शक नव्हता, पण झाडासारखी ही नाही, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

त्याच ठिकाणी अळंबीबरोबर "केमेहीन"ही आहे. ती नेगेवच्या वाळूत मिळते. दिमोनाची माझी बहीण फेब्रुवारीत जाते. शिमशोन नावाच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाजवळ वाळू फुगून तडा गेलेला दिसला की काठीने उकरायचं, आत बटाट्यासारखी गाठ. त्याच झुडपाच्या मुळांशी तिचा संसार. पाऊस कमी झाला त्या वर्षी बहीण रिकाम्या हाताने परत येते.

आणि रेवदंड्याला माझी आजी पावसाळ्यात वारुळावरची अळंबी पानात बांधून आणायची. तिथे झाड नाही, वाळवीच शेतकरी. लाकूड-पाला चावून वारुळात मळा करते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. आजी म्हणायची, वारुळाला हात लावू नका, आत नाग असतो. मी मात्र नागाला भिऊन लांबूनच बघायची.

नातवाने दोनदा वाढून घेतलं. मग विचारलं, "पणजोबांनी कुठली झाडं लावली होती?" मला नक्की ठाऊक नाही, दक्षिणेकडच्या उतारावर कुठेतरी. पुढच्या पावसानंतर तिकडे जायचं ठरलंय. शेजारीण म्हणते, तिकडे ओर्नियोत जास्त येतात.