विमानतळाच्या आतली वेस

वेस म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गावाची वेस येते. कोण आत आणि कोण बाहेर, हे तिथेच ठरत असे. दोन देशांची वेसही सरहद्दीवरच असणार, असे आपण धरून चालतो. परंतु कॅनडातील टोरंटो शहराच्या पिअर्सन विमानतळावर अमेरिकेची वेस चक्क इमारतीच्या आत आहे.

नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या पुतण्याकडे आम्ही उभयता गेलो होतो. तिथून न्यूयॉर्कला जाताना ही वेस पाहायला मिळाली. सुरक्षा तपासणी झाली आणि पुढच्या दालनात निळ्या गणवेशातले अधिकारी बसलेले दिसले. ते कॅनडाचे नव्हते, अमेरिकेचे होते. पासपोर्ट, व्हिसा, कुठे चाललात, किती दिवस राहणार, सोबत खाण्याचे पदार्थ आहेत का, सारी विचारपूस तिथेच झाली. दीड तासाने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरलो ते मुंबईहून नागपूरला उतरावे तसे! सामान घेतले आणि सरळ बाहेर. लाग्वार्डियाला परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणीची सोयच नाही. त्यामुळे आधी तपासणी झालेल्या प्रवाशांचीच परदेशी विमाने तिथे उतरतात.

ही पद्धत टोरंटोत १९५२ साली सुरू झाली. पुढे मॉन्ट्रियल, व्हँकुव्हर, कॅलगरी, ओटावा अशा शहरांतही ती आली. अमेरिकेतल्या विमानतळांवरची गर्दी कमी होते आणि प्रवाशाचा वेळ वाचतो, हा तिचा फायदा.

पण वाचकहो, खरा प्रश्न वेगळाच आहे. परक्या देशाच्या अधिकाऱ्याने अडवले, तर आपल्या पाठीशी कायदा कोणाचा? उत्तर असे की, जमीन कॅनडाची म्हणून कायदाही कॅनडाचाच. त्या देशाच्या संविधानातील हक्कांची सनद या दालनातही लागू आहे. अमेरिकन अधिकारी प्रश्न विचारू शकतो, झडती घेऊ शकतो, संशय आल्यास थांबवून ठेवू शकतो. पण अटक करू शकत नाही. त्यासाठी त्याला कॅनडाच्या अधिकाऱ्यांकडेच सोपवावे लागते. अमेरिकेत प्रवेश नाकारला गेला तरी माणूस टोरंटोतच असतो. सातासमुद्रापार अनोळखी विमानतळावर अडकून पडण्याची पाळी येत नाही.

'मला जायचे नाही' असे म्हणून मध्येच परत फिरण्याचा हक्कही प्रवाशाला आहे. पूर्वी कारण न सांगता निघून जाता येत असे. १५ ऑगस्ट २०१९ पासून नवा कायदा लागू झाला. आता विचारल्यास आपली ओळख आणि परत फिरण्याचे कारण खरे सांगावे लागते. या बदलावर कॅनडातील नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या मंडळींनी टीका केली होती, ती रास्तच वाटते. परत फिरणाऱ्याला जाब द्यावा लागला, तर हक्काची धार बोथट होते.

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता शिकून परदेशी जात आहेत. त्यांचे आईवडीलही उतारवयात पहिल्यांदा विमानात बसतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: कॅनडाच्या व्हिसावर अमेरिकेत जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो. डब्यात लोणचे असो की लाडू, विचारण्याआधीच सांगून टाकावे. खोटे बोलू नये, कारण तो तिथे गुन्हा आहे. आणि गणवेश पाहून दबकूनही जाऊ नये. समोरच्या अधिकाऱ्याच्या अधिकारालाही मर्यादा आहे, आणि ती कायद्यात लिहून ठेवलेली आहे.